चहाचं पान ते चहा पावडर: कारखान्यात रसायन कसं बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशात पिकणाऱ्या चहापैकी जवळपास निम्मा आसामात पिकतो, आणि दुधाच्या चहाला आपण वापरतो ती दाणेदार पावडर बहुतेक सीटीसी पद्धतीची, म्हणजे रोलरमध्ये पान फाडून केलेली असते. म्हणून इथली उत्तरं मुख्यतः आसामच्या सीटीसी कारखान्याला धरून दिली आहेत. ग्रीन टी, दार्जिलिंग किंवा ऊलाँगचा विषय फरक समजण्यापुरता घेतला आहे. आकडे सर्वसाधारण आहेत. झाडाची जात, ऋतू आणि पाऊस यांनुसार ते थोडे पुढेमागे होतात.

ताज्या पानात असतं तरी काय?

१०० किलो ताज्या पानात ७५ ते ८० किलो पाणीच असतं. उरलेल्या कोरड्या भागात सर्वांत मोठा वाटा पॉलिफिनॉल्सचा, साधारण २५ ते ३५ टक्के. बोलताना आपण यांनाच सरसकट टॅनिन म्हणतो. त्यातली बहुतेक कॅटेचिन्स असतात: एपिकॅटेचिन, एपिगॅलोकॅटेचिन आणि या दोघांना गॅलिक आम्ल जोडून झालेली दोन रूपं. या चौघांत ईजीसीजी नावाचं कॅटेचिन सर्वांत जास्त. कॅटेचिन्सना स्वतःचा रंग नसतो, चव मात्र चांगली कडवट-तुरट असते.

त्याखेरीज कॅफीन २ ते ४ टक्के, मोकळी अमिनो आम्लं ३ ते ४ टक्के (त्यांतलं जवळपास निम्मं थिआनीन, ज्याने चहाला किंचित गोडसर, भरीव चव येते), प्रथिनं १५ टक्क्यांच्या आसपास, खनिजं ५ टक्के, थोडी साखर, पेक्टिन, तंतू आणि अर्ध्या टक्क्याच्या घरात हरितद्रव्य.

आपण ज्याला चहाचा रंग आणि चहाचा वास म्हणतो ते ताज्या पानात जवळपास नसतंच. बागेतून आणलेलं पान तसंच उकळलं तर फिकट, हिरवट आणि गवताच्या वासाचं पाणी मिळतं. पुढचं सगळं कारखान्यात, एका दिवसाच्या आत घडतं.

ग्रीन टी, ब्लॅक टी, ऊलाँग यांची झाडं वेगवेगळी असतात का?

नाही. सगळ्यांचं झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे दोन मुख्य प्रकार: चिनी (बारीक पान, थंडी सोसणारं) आणि आसामी (मोठं पान, उष्ण-दमट हवेत वाढणारं). आसामी पानात कॅटेचिन्स जास्त आणि त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं विकरही (एन्झाइम) जोरकस, म्हणून त्यापासून कडक, गडद चहा सहज होतो. पण त्याच पानाला आधी वाफ दिली तर ग्रीन टी होतो. पेशी कधी फोडायच्या आणि उष्णता कधी द्यायची, या दोन निर्णयांवर चहाचा प्रकार ठरतो.

तोडणीचा रसायनाशी काय संबंध?

फार जवळचा. कॅटेचिन्स, कॅफीन आणि विकरं कळीत आणि वरच्या दोन पानांत सर्वाधिक असतात. तिसऱ्या-चौथ्या पानापासून तंतू वाढतो, कॅटेचिन्स घटतात. ‘दोन पानं, एक कळी’ या नियमामागचं कारण हेच. हंगामात साधारण सात दिवसांनी त्याच झुडपावर परत यावं लागतं. फेरी लांबली की भरड पान येतं. असं पान सीटीसीच्या रोलरमधून काढता येतं, पण कपात रंग फिका पडतो आणि पावडरीत तपकिरी तंतू दिसतात.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. पान टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत दाबून भरलं की ते आतून तापतं, कारण तोडल्यावरही त्याचं श्वसन चालूच असतं. दबलेल्या जागी पेशी फुटतात आणि पान लालसर होतं. म्हणजे ऑक्सिडीकरण कारखान्याच्या दारापर्यंत यायच्या आधीच, आपल्या ताब्याबाहेर सुरू झालेलं असतं. असं तांबडं पान नंतर कितीही काळजी घेतली तरी सुधारत नाही.

विदरिंगमध्ये, म्हणजे पान कोमेजवताना, फक्त पाणी उडतं का?

पाणी उडणं हा अर्धा भाग झाला. पान जाळीच्या लांबट हौदांवर २०-२५ सेंटीमीटर थरात पसरतात आणि खालून पंख्याने हवा सोडतात. १२ ते १८ तासांत पान लिबलिबीत होतं, मुठीत दाबलं तर गोळा होतो आणि देठ वाकवला तरी तुटत नाही.

याच वेळात पानाच्या आत दुसरं काम चालू असतं. प्रथिनं तुटून अमिनो आम्लं वाढतात, पिष्टमय पदार्थांपासून साधी साखर सुटते, कॅफीन किंचित वाढतं आणि पेशींची पटलं झिरपायला लागतात. मेदाम्लं तुटून हेक्सेनालसारखे हिरवट वासाचे रेणू तयार होतात. ते प्रमाणात असले तर ताजेपणा देतात, जास्त झाले तर चहा गवतासारखा लागतो. वाढलेली अमिनो आम्लं आणि साखर पुढे ड्रायरमध्ये सुवासाला कामी येतात.

म्हणून घाई असली तरी गरम हवा मारून तीन-चार तासांत पाणी काढून टाकणं हा उपाय नाही. ओलावा योग्य आकड्यावर येतो खरा, पण आतलं काम झालेलं नसतं आणि चहा कोरडा, पातळ लागतो. हवेचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर विकरं मंदावतात आणि पानाच्या कडा करपून लाल होतात. उलट पावसाळ्यात पान भिजलेलं आणि बाहेरची हवाही ओली, तेव्हा आधी पानावरचं वरवरचं पाणी उडवायला थोडी कोमट हवा द्यावीच लागते. पान फार वेळ हौदावर राहिलं तर श्वसनात कोरडा भागही घटतो आणि चहाचा तजेला कमी होतो.

पान नेमकं किती कोमेजवायचं? हिशेब कसा करतात?

समजा १०० किलो पानात ७८ टक्के पाणी आहे. म्हणजे घन भाग २२ किलो. सीटीसीसाठी ओलावा ७० टक्क्यांवर आणायचा, तर २२ किलो हा एकूण वजनाच्या ३० टक्के व्हायला हवा: २२ भागिले ०.३०, म्हणजे सुमारे ७३ किलो. हौदावर २७ किलो पाणी गेलं. ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान वळायचं असतं, तुकडे करायचे नसतात, म्हणून त्याला अधिक कोमेजवून ६२ टक्क्यांच्या आसपास आणतात. त्याच पानाचं वजन मग ५८ किलो भरतं. शेवटी ३ टक्के ओलाव्याचा तयार चहा साधारण २२ ते २३ किलो मिळतो. साडेचार किलो हिरव्या पानाला एक किलो चहा हा बागेतला रोजचा आडाखा इथूनच येतो.

कमी कोमेजलेलं पान रोलरमध्ये गेलं की रस गळतो आणि त्यासोबत विद्राव्य पदार्थही. जास्त कोमेजलेलं पान रोलर नीट फाडत नाही, पावडर चपटी आणि भुसभुशीत होते.

सीटीसी म्हणजे काय आणि त्याने पेशीत काय होतं?

चिरडणं, फाडणं आणि वळणं या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आलं. विल्यम मॅकर्चर यांनी १९३० साली आसामच्या अमगुरी बागेत हे यंत्र बनवलं. बारीक दात्यांचे दोन पोलादी रोलर एकमेकांविरुद्ध फिरतात, एक मिनिटाला सुमारे ७० फेऱ्यांनी आणि दुसरा ७०० फेऱ्यांनी. वेगातल्या या दहापटीच्या फरकाने पान दाबलंही जातं आणि फाडलंही जातं. बहुतेक कारखान्यांत त्याआधी रोटरव्हेनमधून पान चेचून घेतात, मग ओळीत लावलेल्या तीन ते पाच सीटीसी यंत्रांतून ते जातं. शेवटी ओल्या हिरव्या रव्यासारखा माल बाहेर पडतो.

रासायनिक दृष्टीने सगळ्यांत मोठी उलथापालथ इथे होते. जिवंत पेशीत कॅटेचिन्स रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत बंद असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे तांबंयुक्त विकर हरितलवकांच्या बाजूला. दोघांची गाठ पडत नाही. रोलरने भिंती फोडल्या की रस, विकर आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात. वांगं चिरून ठेवलं की ते काळं पडतं, तेही याच जातीच्या विकरामुळे.

रोलरचे दाते बोथट झाले की पान फाडण्याऐवजी नुसतं चेपलं जातं आणि घर्षणाने तापतं. कमी पेशी फुटल्या म्हणजे कमी कॅटेचिन्स विकरापर्यंत पोचली, आणि कपात ताकद उतरत नाही. चहा हलका लागतोय अशी तक्रार आली की आधी रोलरची धार आणि दोन रोलरमधलं अंतर पाहावं, मग बागेला दोष द्यावा.

चहाचा तांबूस रंग येतो कशापासून?

दोन गटांपासून: थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन. १९५०च्या दशकात ई. ए. एच. रॉबर्ट्स यांनी या रंगद्रव्यांची जी मांडणी केली, तिचा आधार आजही घेतला जातो.

विकर कॅटेचिनमधून हायड्रोजन काढून त्याचं क्विनोन करतं. एपिकॅटेचिनचं क्विनोन आणि एपिगॅलोकॅटेचिनचं क्विनोन यांची जोडी जमली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थिआफ्लेविन तयार होतं. त्याची मुख्य रूपं चार. रंग सोनेरी-केशरी, चव झणझणीत तुरट. कपाच्या कडेला दिसणारं सोनेरी वलय आणि जिभेला जाणवणारी तरतरी ही यांचीच देणगी. तयार चहात त्यांचं प्रमाण मात्र फार थोडं, बहुधा २ टक्क्यांपर्यंतच.

उरलेली क्विनोन्स आणि काही थिआफ्लेविन्स पुढे एकमेकांना जोडली जाऊन थिआरुबिजिन्स होतात. हा एक रेणू नाही, हजारो वेगवेगळ्या रेणूंचं मिश्रण आहे. रंग विटकरी-तपकिरी, चव मऊ, कपाला गडदपणा आणि भरीवपणा देणारी. चहात ती १० ते २० टक्के असू शकतात.

चांगल्या सीटीसी चहात या दोघांचं प्रमाण साधारण १ ला १० ते १२ असावं असं मानतात. नुसता रंग गडद दिसला म्हणून चहा चांगला असं समजू नये. थिआरुबिजिन वाढून थिआफ्लेविन घटलेला चहाही गडदच दिसतो, पण चवीला मेलेला असतो.

फर्मेंटेशन किती वेळ चालतं, आणि संपलं हे कसं कळतं?

आधी एक खुलासा: कारखान्यात याला सगळे फर्मेंटेशनच म्हणतात, पण इथे दही किंवा इडलीच्या पिठासारखे जिवाणू-यीस्ट काम करत नाहीत. पानातलंच विकर आणि हवेतला ऑक्सिजन यांचं हे काम आहे.

सीटीसी माल ५ ते ८ सेंटीमीटरच्या थरात फरशीवर किंवा सरकत्या पट्ट्यावर पसरतात, किंवा खालून हवा देणाऱ्या ट्रॉलीत भरतात. वेळ साधारण ४५ ते ९० मिनिटं. ऑर्थोडॉक्समध्ये पेशी कमी फुटलेल्या असतात, म्हणून तिथे दोन-तीन तास लागू शकतात. खोलीचं तापमान २४ ते २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर हवी.

तापमानावर इतका भर का? ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. थर जाड झाला तर मधला माल बघता बघता ३० अंश ओलांडतो. तापमान वाढलं की थिआफ्लेविन जितक्या वेगाने तयार होतं त्याहून वेगाने ते पुढे थिआरुबिजिनमध्ये जातं. शिवाय पेरॉक्सिडेज हे दुसरं विकर जोर धरतं, तेही थिआरुबिजिनच्याच बाजूला ढकलतं. थंड ठेवलं तर वेळ जास्त लागतो पण थिआफ्लेविन जास्त टिकतं. जुलै-ऑगस्टच्या आसामी उकाड्यात खोलीत गार धुकं सोडणारी यंत्रं बंद पडली, तर त्या पाळीचा माल हमखास मवाळ निघतो.

ऑक्सिजनही पुरेसा लागतो. जाड थराच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथे क्विनोन्सची थिआफ्लेविनकडे नेणारी जोडणी अडते आणि खालचा माल हिरवट-तपकिरी राहतो. माल अधूनमधून परतणं एवढ्यासाठीच. आणि आर्द्रता कमी पडली तर वरचा थर सुकून काळा पडतो, तिथली क्रिया थांबते.

संपलं हे ओळखायचं नाकाने आणि डोळ्याने. हिरवा रंग जाऊन नव्या तांब्याच्या भांड्यासारखी लाली येते. वास आधी कच्च्या गवताचा, मग फळासारखा गोड, आणि मग तो ओसरू लागतो. गोड वास शिगेला पोचतो त्या सुमाराला माल ड्रायरकडे गेला पाहिजे, कारण थिआफ्लेविन एका टोकापर्यंत वाढून नंतर उतरायला लागतं. दर पाच-दहा मिनिटांनी चिमूटभर माल उकळत्या पाण्यात घालून चव पाहणारे कारखाने घड्याळावर चालणाऱ्यांपेक्षा चांगला माल काढतात, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

लवकर थांबवलं तर चहा कच्चा, हिरवट आणि घसा ओढणारा. उशिरा थांबवलं तर रंग भरपूर, दम नाही.

ड्रायरमध्ये काय होतं?

तीन गोष्टी एकदम. पहिली, विकरं निकामी होतात आणि ऑक्सिडीकरण थांबतं. दुसरी, ओलावा सुमारे ७० टक्क्यांवरून ३ टक्क्यांपर्यंत उतरतो. वरच्या हिशेबातलं ५० किलो पाणी इथे जातं. तिसरी, साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडून भाजका, माल्टसारखा वास तयार होतो.

सीटीसीला आता बहुधा द्रवशायी ड्रायर वापरतात: छिद्रांच्या पत्र्याखालून १२० ते १३० अंशांची हवा येते आणि दाणे तिच्यावर उकळल्यासारखे उसळत पुढे सरकतात. साखळी-तबकांच्या जुन्या ड्रायरमध्ये हवा ९० ते १०० अंशांची असते आणि वेळ जास्त लागतो.

काळा रंगही इथेच पक्का होतो. ऑक्सिडीकरण आणि उष्णतेत हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटून फिओफायटिन होतं, ते काळसर दिसतं. त्याचंच फिओफोर्बाइड हे रूप तपकिरी. चांगल्या कोमेजवलेल्या पानात पहिलं जास्त बनतं; दाणा काळा दिसणं हा म्हणून नुसता दिखाव्याचा मामला नाही.

चुका दोन दिशांनी होतात. आत येणारी हवा फार तापलेली असली तर दाण्याची साल आधी कडक होते आणि आत पाणी अडकतं. असा चहा त्या दिवशी ठणठणीत कोरडा वाटतो, पण आठवडाभरात आतला ओलावा बाहेर येऊन मऊ पडतो. उलट हवा थंड किंवा माल जास्त असला तर दाणे पाऊणशिजे होतात, विकरं बराच वेळ चालू राहतात आणि कपात शिजवल्यासारखी, बोथट चव येते.

या सगळ्यात कॅफीन कमी-जास्त होतं का?

फारसं नाही. कोमेजताना किंचित वाढतं, वाळवताना किंचित उडतं, ऑक्सिडीकरण त्याला हात लावत नाही. ‘ग्रीन टीमध्ये कॅफीन नसतं’ हा समज चुकीचा आहे. कपात किती उतरतं ते पावडरीचं वजन, दाण्याचा आकार आणि उकळण्याचा वेळ यांवर ठरतं. २ ग्रॅम पावडरीत ३ टक्के कॅफीन धरलं तर जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम. बारीक सीटीसीतून त्यातलं बरंचसं पहिल्या तीन-चार मिनिटांतच बाहेर येतं.

मग ग्रीन टीमध्ये वेगळं काय करतात?

पेशी फोडायच्या आधीच विकर मारून टाकतात. जपानमध्ये वाफ देऊन: नेहमीच्या सेंचाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास, खोल वाफवणीत मिनिट-दीड मिनिट. चीनमध्ये बहुधा तापलेल्या कढईत परतून. हिमाचलच्या कांग्रा खोऱ्यातही ग्रीन टी बनतो. विकर गेलं की कॅटेचिन्स जवळपास तशीच राहतात, क जीवनसत्त्वाचाही काही भाग टिकतो. ब्लॅक टीमध्ये तो जवळपास उरत नाही.

वाफ कमी पडली तर देठाशी विकर जिवंत राहतं आणि देठ लाल पडतात. जास्त झाली तर पान पिवळट, उकडलेल्या भाजीच्या वासाचं.

घरी करताना ग्रीन टी उकळू नका. ७० ते ८० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं पुरेत. उकळत्या पाण्यात कडवट कॅटेचिन्स भसाभस उतरतात आणि थिआनीनची गोडसर चव त्याखाली दबते. सावलीत वाढवलेल्या माच्याच्या (जपानी ग्रीन टीची बारीक पूड) पानात हे थिआनीन जास्त असतं, कारण उन्हात त्यातला बराचसा भाग कॅटेचिन्स बनवण्यात खर्च होतो.

दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा चहा ब्लॅक टी असून हिरवट का दिसतो?

त्याला फार कडक कोमेजवतात. पानातलं पाणी इतकं कमी होतं की वळताना रस घट्ट राहतो आणि विकराला फिरायला वाव मिळत नाही. बरीच कॅटेचिन्स तशीच उरतात.

दुसऱ्या बहरातल्या प्रसिद्ध मस्कटेल (द्राक्षासारख्या) सुवासामागे तुडतुड्यांचाही हात आहे. हिरव्या तुडतुड्याने पान चोखलं की झाड प्रतिकार म्हणून सुवासिक टर्पीन बनवतं. त्यातलं हॉट्रिएनॉल मस्कटेलशी जोडलं जातं.

सीटीसी चहा कडक असतो, पण सुवास कमी. का?

पानातले लिनालूल, जिरॅनिऑल असे फुलांच्या वासाचे रेणू साखरेला बांधलेले असतात आणि त्यांना सोडवायला वेगळी विकरं लागतात. ऑर्थोडॉक्समध्ये हळूहळू वळताना आणि नंतरच्या दोन-तीन तासांत त्यांना वेळ मिळतो. सीटीसीत सगळं तासाभरात उरकतं आणि क्विनोन्सचा मारा इतका होतो की ही विकरं मागे पडतात. सुवास हवा असेल तर ऑर्थोडॉक्स घ्या आणि कोरा प्या. दुधात त्याचे पैसे वाया जातात.

ऊलाँग, व्हाइट टी आणि पू-अर?

ऊलाँगमध्ये पान हलवून फक्त कडा जखमी करतात, थोडं ऑक्सिडीकरण होऊ देतात आणि मग कढईत परततात. व्हाइट टी नुसता कोमेजवून वाळवतात, पेशी मुद्दाम फोडत नाहीत. पिकवलेल्या पू-अरमध्ये मात्र खरोखर सूक्ष्मजीव काम करतात: ओल्या ढिगात ॲस्परजिलससारख्या बुरशी आठवडेच्या आठवडे कॅटेचिन्स मोडतात, गॅलिक आम्ल वाढतं आणि गडद थिआब्राउनिन तयार होतं. ही जलद पद्धत १९७०च्या दशकात युन्नानमध्ये रुळली.

दूध घातल्यावर रसायन बदलतं का?

हो. दुधातलं केसीन हे प्रथिन थिआफ्लेविन आणि उरलेल्या कॅटेचिन्सना धरून ठेवतं, म्हणून तुरटपणा मोडतो. दूध घालूनही चव टिकवायची तर मुळात थिआफ्लेविन भरपूर हवं, आणि इथेच आसामची सीटीसी उपयोगी पडते. हलका दार्जिलिंग दुधात पार हरवतो.

आल्याबद्दल नेहमी विचारलं जातं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्याने दूध फुटू शकतं. ठेचलेलं आलं आधी पाण्यात तीन-चार मिनिटं खळखळ उकळा, मग पावडर, शेवटी दूध. गुळाचा चहा फाटतो तो गुळातल्या आम्लतेमुळे आणि क्षारांमुळे. गॅस बंद करून, भांडं खाली उतरवल्यावर गूळ घाला, आणि गूळ घातल्यावर पुन्हा उकळी आणू नका.

कोरा चहा थंड झाल्यावर गढूळ होतो. तो खराब आहे का?

उलट. कॅफीन आणि थिआफ्लेविन गरम पाण्यात वेगळे राहतात, गार होताना एकत्र येऊन साय आल्यासारखे पांढुरके दिसतात. चहा चाखणारे हे चांगल्या मालाचं लक्षण मानतात. आइस टी नितळ हवा असेल तर पावडर कमी घ्या किंवा गार पाण्यातच काही तास भिजवा.

लिंबू पिळल्यावर रंग फिका का होतो? आणि बोअरच्या पाण्याचा चहा काळपट का?

थिआरुबिजिन्स सौम्य आम्लं आहेत. आम्लात त्यांचा रंग उतरतो, अल्कधर्मी पाण्यात गडद होतो. म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की चहा एकदम कडक ‘दिसतो’. चव मात्र साबणासारखी होते, हा उद्योग करू नये. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट पॉलिफिनॉल्सशी जुळून वर चकचकीत तवंग धरतात. पाण्यात लोह असेल तर काळी झाक येते. गाळलेलं मऊ पाणी वापरून पाहा. पावडर तीच असून चहा वेगळा लागेल.

डस्ट म्हणजे कारखान्याचा कचरा का?

नाही. वाळलेला माल चाळणीवर वेगळा करतात: मोठ्या दाण्यांच्या प्रतींना बीओपी आणि बीपी म्हणतात, त्याहून बारीक पीएफ, सर्वांत बारीक तो डस्ट. पान तेच. डस्टचा पृष्ठभाग जास्त, म्हणून दोन मिनिटांत रंग आणि ताकद उतरते. टपरीवर, अमृततुल्यमध्ये तो त्यासाठीच चालतो. तोटा एवढाच की तो लवकर शिळा होतो.

भेसळ तपासायची तर ओल्या गाळणकागदावर चिमूटभर पावडर पसरा, पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पावडर झटकून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. वरून रंग लावला असेल तर काळपट-तपकिरी डाग पडतो. पावडरीतून चुंबक फिरवल्यावर एखाद-दुसरा कण चिकटला तर घाबरू नका. रोलरची थोडी झीज होतेच, आणि नियमाप्रमाणे ठरावीक मर्यादेपर्यंत लोहकण चालतात. चुंबकाला दाढी आली तर ते पुडकं परत करा.

घरात ठेवल्यावर पावडरीतले बदल थांबतात का?

मंदावतात, थांबत नाहीत. महिन्यांगणिक थिआफ्लेविन घटत जातं, आणि ओलावा जितका जास्त तितकं वेगाने. कारखान्यातून ३ टक्क्यांवर निघालेली पावडर ६-७ टक्क्यांपर्यंत ओल धरली की चव सपाट होते. पावसाळ्यात कोकणात तर उघड्या पुडीला फार दिवस लागत नाहीत. डबा शेगडीच्या वरच्या फळीवर नको, कारण प्रत्येक स्वयंपाकाची वाफ तिथेच जाते. चमचा कोरडा ठेवा, आणि मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका. चहा वास ओढून घेतो. महिनाभर पुरेल तेवढंच उघडा.

जेवणाबरोबर चहा घेऊ नये असं का सांगतात?

पॉलिफिनॉल्स पालेभाज्या, डाळी, बाजरी यांतल्या लोहाला बांधतात आणि ते शरीरात कमी शोषलं जातं. ग्रीन असो वा ब्लॅक, दोन्हींत हे होतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, विशेषतः घरात कोणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर.

गवती चहाचं काय?

तो चहा नाही, गवत आहे. त्यात कॅफीनही नाही आणि कॅटेचिन्सही नाहीत. लिंबासारखा वास सिट्रालचा. तो उडून जाणारा असल्याने पात शेवटच्या दोन मिनिटांत घाला आणि वर झाकण ठेवा.

चोथा पुन्हा उकळला तर काय मिळतं?

रंग, आणि फारसं काही नाही. कॅफीन आणि थिआफ्लेविन पहिल्याच उकळीत बहुतेक निघून जातात. दुसऱ्या वेळी उशिरा सुटणारी थिआरुबिजिन्स उतरतात. प्रथिनं मात्र प्रक्रियेत पॉलिफिनॉल्सना चिकटून पाण्यात न विरघळणारी झालेली असतात, म्हणून नायट्रोजन चोथ्यातच राहतो. दूध-साखर धुऊन काढा, चोथा वाळवा आणि कुंडीच्या मातीत मिसळा. न धुता घातला तर मुंग्या आणि बुरशी येते.